श्रीरामपूरच्या विद्यालयाचा आराखडा : एक परीक्षण

बंगाल्यांत हुगळीच्या कांठीं श्रीरामपूर म्हणून गांव आहे. आमच्या नगर जिल्ह्यांतील श्रीरामपूर तें नव्हे. तेथें डेन्मार्कच्या राजाचा अंमल असतां विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड या तिघां बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनीं १५ जुलै १८१८ रोजीं एका नव्या विद्यालयाचा आराखडा प्रसिद्ध केला. दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला त्यास त्या दिवशीं बरोबर सहा आठवडे झाले होते. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध कांहीं नाहीं. काळाची खूण पटावी एवढ्यासाठींच नोंद केली आहे.

या आराखड्यावर दोन तऱ्हेचें लेखन होत आलें आहे. मिशनच्या इतिहासकारांनीं त्याची आरती ओवाळली, तर इतरांनीं बाटविण्याचा सांपळा म्हणून तो बाजूस सारिला. शिक्षणक्रम म्हणून त्याची परीक्षा क्वचितच झाली. आमचें आयुष्य संस्कृत शिकण्यांत व शिकविण्यांत गेलें आहे. तेव्हां ही परीक्षा मास्तरच्या नजरेनें करण्याचा अधिकार आम्ही घेतों.

आराखड्याचा मूळ सिद्धान्त असा कीं, या देशांत ख्रिस्ती धर्माचें काम अखेर परदेशीयांच्या हातून व्हावयाचें नाहीं; तें येथल्याच लोकांनीं केलें पाहिजे, आणि त्यासाठीं त्यांची विद्या येथल्या पंडितांच्या तोडीची हवी. म्हणून ख्रिस्ती विद्यार्थ्यानें आधीं संस्कृत शिकावें, हिंदूंचीं शास्त्रें मुळांतून वाचावीं, आणि इंग्रजी मात्र निवडक व पुढें गेलेल्या विद्यार्थ्यांपुरतीच असावी. ख्रिस्ती नसलेल्या विद्यार्थ्यांसही द्वार मोकळें असावें व त्यांच्यावर उपासनेची सक्ति नसावी. पुढें १८१९ च्या सुमारास विद्यालय चालूं झालें तेव्हां ३७ विद्यार्थ्यांपैकीं १९ ख्रिस्ती होते. ख्रिस्ती मुलगा व हिंदु मुलगा एकाच बांकावर बसून एकाच पंडितापाशीं व्याकरण घोकीत आहेत, हें दृश्य त्या काळीं हिंदुस्थानांत दुसरीकडे सहसा दिसलें नसतें.

संस्कृतचा हा आग्रह केवळ पंडितांवर छाप पाडण्यासाठीं होता असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. केरी हा तर्जुमा करणारा मनुष्य होता. मराठीशीं त्याचा संबंध सर्वश्रुत आहे : फोर्ट विल्यम कॉलेजांत १८०१ पासून अध्यापन, १८०५ चें मराठी व्याकरण, १८१० चा मोडी लिपींतील कोश, आणि १८११ चा नवा करार, या कामांत त्यास नागपूरकडील वैजनाथ पंडितांचें साहाय्य होतें. धर्मग्रंथ देशभाषेंत उतरवितांना पारिभाषिक शब्द संस्कृतांतूनच घ्यावे लागतात, आणि शब्द घेतला म्हणजे त्याच्या पाठोपाठ त्याचें शास्त्रही येतें, हें अशा माणसास कळल्यावांचून कसें राहील ?

एकच शब्द घेऊं. मराठी ख्रिस्ती लेखनांत ख्रिस्ताच्या बलिदानासंबंधानें ‘प्रायश्चित्त’ हा शब्द रूढ झाला आहे. धर्मशास्त्राप्रमाणें प्रायश्चित्त ज्यानें पाप केलें त्यानेंच करावयाचें असतें. कृच्छ्र असो, चांद्रायण असो, उपवास कर्त्याचाच. ख्रिस्ती सिद्धान्त नेमका याच्या उलट आहे : पाप एकाचें, भोग दुसऱ्याचा. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय ज्यानें वाचला नाहीं असा उपदेशक गांवच्या चावडीवर हा शब्द उच्चारील, तेव्हां ऐकणारे भलताच अर्थ घेतील आणि त्याचा त्यास पत्ताही लागणार नाहीं. वाचलेला उपदेशक शब्द बदलील, किंवा निदान दोन वाक्यें जास्त बोलेल. आराखड्यांतील संस्कृतचें समर्थन एवढ्या एका उदाहरणानेंही सिद्ध होतें असें आम्हांस वाटतें.

दोष यापुढें आहे. आमच्या शास्त्रपरंपरेंत प्रतिपक्ष्याचें मत आधीं पूर्वपक्ष म्हणून मांडावें लागतें, आणि तें असें कीं प्रतिपक्ष्यानेंही मान डोलवावी. दुर्बळ पूर्वपक्ष खोडणाराची सभेंत हेटाळणी होते. श्रीरामपूरकरांनीं शास्त्रें वाचण्याची आज्ञा दिली, पण हा नियम घेतला नाहीं. वॉर्डचा हिंदूंच्या धर्माचारांवरील ग्रंथ पाहावा. माहितीचा साठा अफाट, मेहनत थक्क करणारी. परंतु जें दिसलें त्यांतील ओंगळ तेवढें पुढें मांडण्याची हौस जागोजाग दिसते. वेदान्ती स्वतः आपलें मत कसें सांगेल हें त्यांत शोधूं जाल तर हातीं थोडेंच लागेल. ज्या विद्यालयाच्या तिघां संस्थापकांपैकीं एकाचा हा ग्रंथ, तेथें संस्कृत वाचणाऱ्या विद्यार्थ्याची दृष्टि वाचण्याआधींच ठरून जाण्याचा धोका उघड आहे. धर्माचा अभ्यास आणि धर्मसेवेची तयारी हीं दोन कामें एकाच अभ्यासक्रमांत घालतां येतात. मात्र पहिलें काम दुसऱ्याचें केवळ हत्यार झालें कीं दोन्ही बिघडतात.

याचा पडताळा पाहावयाचा असेल तर तो श्रीरामपुराबाहेर सांपडतो. जॉन म्यूरनें १८३९ सालीं ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृतांत लिहिला. त्यास काशींतील चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांनीं ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून संस्कृतांतच उत्तर दिलें, आणि पुढें १८४८ सालीं त्यांनीं स्वतःच बाप्तिस्मा घेतला. १८६० च्या ‘षड्दर्शनदर्पणां’त ते दर्शनांचें खंडन करतात. त्यांच्या निष्कर्षांशीं आम्ही सहमत नाहीं. पण प्रत्येक दर्शनाचा पूर्वपक्ष तेथें आंतून जाणणाऱ्याच्या लेखणीनें उतरला आहे, हें नाकबूल करणें अप्रामाणिकपणाचें होईल. आराखड्यानें जसा मनुष्य घडविण्याचें योजिलें होतें तसा तो घडला, पण काशीच्या पंडितांपाशीं. विद्यालयानें त्यास घडविलें नाहीं.

हें म्हणतांना आमच्या घरचा हिशेबही मांडला पाहिजे. पुण्यास विश्रामबागवाड्यांत १८२१ च्या आक्टोबरांत दक्षिणेच्या पैशांतून संस्कृत पाठशाळा निघाली. तेथील विद्या अस्सल होती. पण ती फक्त ब्राह्मणांच्या मुलांसाठीं होती, आणि ख्रिस्ती अथवा इस्लामी मताचा पूर्वपक्ष त्या मतांच्या ग्रंथांतून समजून घेण्याची तेथें सोय नव्हती. श्रीरामपुरीं पूर्वपक्ष वांकडा मांडीत असतील. पुण्यास तो मुळीं मांडलाच नाहीं. यांतील कोणता दोष मोठा हें ठरविणें आम्हांस अवघड जातें.

आराखड्याचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. १८२७ सालीं डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक यानें विद्यालयास पदव्या देण्याची सनद दिली. पण संस्थापकांच्या हयातींत तिचा उपयोग झाला नाहीं. १८३० नंतर कलकत्त्यांतील व्यापारी पेढ्या बुडाल्या व पैसा गेला. त्याच सालीं डफ आला, आणि उच्च शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें या त्याच्या मतानें बाजी मारली. १८४५ सालीं श्रीरामपूर इंग्रजांनीं विकत घेतलें. सनद मात्र तहांत राखली गेली. १८५७ नंतर कलकत्ता विद्यापीठाशीं जोडणी झाली. १८८३ सालीं पदवीचे वर्ग बंद पडले. १९१० च्या सुमारास हॉवेल्सनें संस्था पुन्हां उभी केली, १९१५ सालीं सनदेप्रमाणें ब्रह्मविद्येच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या, आणि १९१८ च्या कायद्यानें पदव्यांचा कारभार सिनेटकडे आला. आज पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या दूरच्या संस्थाही त्याच सिनेटशीं जोडलेल्या आहेत. या सर्व घडामोडींत संस्कृतचा सिद्धान्त कोणी वाद करून खोडला असें झालें नाहीं. तो पैशाअभावीं व इंग्रजीच्या ओढ्यांत वाहून गेला. परिणाम मात्र मोठा झाला. विद्यापीठाच्या पदवीचा विद्यार्थी एका वाटेनें गेला, धर्मसेवेचा दुसऱ्या, आणि तें सामाईक बांक उठलें.

आमच्या वर्गांत एक ख्रिस्ती विद्यार्थी होता. पुढें तो धर्मसेवेच्या शिक्षणास गेला. तेथें संस्कृतचें काय काम, असें त्याचे सोबती हंसत; पण ग्रीक शिकतांना भूतकाळाचें एक रूप इतरांस उमगेना तेव्हां त्यास लुङ् आठवला, असें त्यानें आम्हांस कळविलें. मास्तरास याहून मोठी दक्षिणा मिळत नाहीं. पण त्यानें उपनिषदें कोणापाशीं वाचावीं, आणि आमच्या शास्त्री विद्यार्थ्यांनीं पौलाचीं पत्रें कोणापाशीं वाचावीं, हा प्रश्न त्याच्या पत्रानें सुटला नाहीं.

शेवटीं एक पाठभेद. विद्यालयाचें इंग्रजी नांव पुढील लेखनांत दोन प्रकारें छापलेलें आढळतें. एका पाठांत ‘आशियाई’ या शब्दापुढें स्वल्पविराम आहे, दुसऱ्यांत नाहीं. स्वल्पविराम धरला तर विद्यालय आशियाई, ख्रिस्ती व इतर अशा सर्वांचें होतें. तो काढला तर तें मुख्यतः आशियाई ख्रिस्ती तरुणांचें होतें, व बाकीचे ‘इतर’ ठरतात. अर्थाच्या दृष्टीनें आम्हांस दुसरा पाठ ग्राह्य वाटतो, कारण आराखड्यांतील सर्व युक्तिवाद ख्रिस्ती विद्यार्थ्यापासून निघतो. पहिल्या पटावर त्या ‘इतरां’ची संख्या १८ होती.