रसदीच्या गाड्यांसाठी

बाबा गेले आणि विद्यानगरच्या घरातली त्यांची काळी पत्र्याची ट्रंक आम्ही उघडली. गणवेशाखाली एक टाइप केलेला कागद निघाला. चार घड्यांचा, दुमडीवर विरलेला. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या परमवीर चक्राचं प्रशस्तिपत्र. बाबाही त्यांच्यासारखेच खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे सफरमैना पलटणीतले. राणेसाहेबांचं नाव घरात नेहमीचंच. कागद मात्र मी तेव्हा प्रथम वाचला आणि त्यानंतर कितीदा वाचला याची गणती नाही.

एप्रिल 1948. नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांपुढचा रस्ता सुरुंगांनी आणि अडथळ्यांनी भरलेला. तो मोकळा करण्याचं काम राण्यांच्या तुकडीकडे. या मजकुराचं सगळं सौंदर्य त्यातल्या घड्याळात आहे. 8 तारखेला सकाळी अकराला तोफगोळे पडतात, रात्री दहापर्यंत काम. 9 ला पहाटे सहाला पुन्हा सुरुवात. 10 ला पावणेपाचला. मुकादमाने रोजंदारीची वही लिहावी तशी ही वाक्यं चालतात. झाडं उडवली, वळणरस्ता केला, सुरुंग काढले. शत्रूच्या मशीनगन सतत धडधडत असतात, पण राण्यांनी एक गोळी झाडल्याचाही उल्लेख नाही. शौर्याचा इतका मोठा दस्तऐवज, आणि त्यात नायकाच्या हातून कुणी मरत नाही.

त्यांची स्वतःची जखमसुद्धा हिशेबात येते. दोन जण ठार, पाच जखमी. त्या पाचांत राणे. पुढच्याच वाक्यात ते उरलेली माणसं गोळा करून कामाला लागलेले.

अशा कोरड्या मजकुरात एकच उपमा आहे. 9 तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमाराला डोंगराला वळसे घालणारा रस्ता लिहिणाऱ्याला सापासारखा दिसतो. तिथे मी दर वेळी थांबते. टंकलेखन करणाऱ्या कुणा अधिकाऱ्याच्याही डोळ्यांपुढे तो रस्ता क्षणभर उभा राहिला असणार. विशेषणांची गर्दी पुढे होते, पाच मोठ्या चीडवृक्षांचा अडथळा दूर झाल्यावर. मला ती नको वाटतात. तो अडथळा काढायला पावणेपाच ते साडेसहा लागले, एवढं पुरेसं होतं.

सुरुंग कसा शोधतात हे बाबांनी मला स्वयंपाकघरात शिकवलं. परातीतल्या पिठाखाली त्यांनी वाटी उपडी लपवली, हातात सुरी दिली. उभी खुपसायची नाही, तिरकी धरायची, हलके सरकवायची. टोक कडेला लागलं पाहिजे, माथ्यावर नाही. मी तीनदा चुकले. आई भाकरीसाठी खोळंबली होती, तरी काही बोलली नाही. राणे रणगाड्याखाली सरपटत, दोऱ्या ओढून चालकाला खुणा करत गेले, ही गोष्टही बाबांनीच सांगितलेली. प्रशस्तिपत्रात ती नाही, आणि बाबांनी या कागदावर तिची भर घातलेली नाही.

राणे कारवारजवळच्या चेंडियाचे, पोलीस शिपायाचे पोर. 1940 मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले, डिसेंबर 1947 मध्ये अधिकारी झाले. 1955 मध्ये लग्न, चार मुलं. 1968 मध्ये मेजर म्हणून निवृत्ती, 1994 मध्ये पुण्यात निधन. त्यांच्या छातीवरच्या पदकाचा आराखडाही एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीने, सावित्रीबाई खानोलकरांनी केलेला. असं काही वाचलं की छावणीतली घरं आठवतात.

बाबांनी पेन्सिलची रेघ एकाच ठिकाणी मारली आहे. 10 तारखेला रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरतात आणि दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोहोचतात. राण्यांवर सोपवलेलं काम तिथे झालं म्हणता आलं असतं. पण मागून रसदीच्या गाड्या यायच्या आहेत, त्यांना पात्रातून जाता येणार नाही. म्हणून ते रात्री नऊपर्यंत, अन्न नाही, विश्रांती नाही, रस्ताच साफ करत राहतात. त्या ओळीखाली रेघ आहे आणि समासात बाबांच्या अक्षरात एक शब्द: रेशन.

महिन्याच्या पहिल्या तारखेला किराण्याची यादी करतानाही ते वर हाच शब्द लिहीत.

प्रशस्तिपत्राचं शेवटचं वाक्य 11 एप्रिलच्या रात्री दहाचं आहे. चिंगसपर्यंतचा रस्ता सकाळीच खुला झालेला, आणि राणे त्याच्याही पुढचा साफ करत आहेत.