गायरानाची अर्धीच गोष्ट

पीएच.डी.च्या मुलाखतीत मला एक अगदी साधा प्रश्न विचारला गेला. माझ्या प्रस्तावात वाक्य होतं, 'सामायिक कुरणं अतिचराईने संपतातच', आणि पुढे हार्डिन, १९६८ असा संदर्भ. "हा लेख तुम्ही वाचलाय का?" मी गप्प. वाचल्या होत्या त्या बी.एस्सी.च्या पर्यावरण अर्थशास्त्राच्या पेपरच्या दोन पानी नोट्स.

ती गोष्ट तुम्हालाही पाठ असेल. गायरान सगळ्यांचं. मी एक गाय वाढवली तर फायदा पूर्ण माझा, तोटा मात्र सगळ्यांत वाटला जाणार. प्रत्येक जण असाच विचार करतो आणि गायरान उजाड होतं. उपाय दोनच: सरकारी नियंत्रण किंवा खासगी मालकी. झालं दहा मार्कांचं उत्तर!

मुलाखतीनंतर मूळ लेख वाचला. गॅरेट हार्डिन हे जीवशास्त्रज्ञ. 'सायन्स'मधला त्यांचा हा लेख मुख्यतः लोकसंख्यावाढीबद्दल आहे. कुरण हे त्यातलं एक उदाहरण, तेही विल्यम फॉर्स्टर लॉइड यांच्या १८३३ सालच्या लेखनातून घेतलेलं. प्रत्यक्ष एकाही कुरणाची मोजणी त्यात नाही. म्हणजे आम्ही निष्कर्ष म्हणून पाठ केला तो एक विचारप्रयोग होता.

विचारप्रयोगाला माझा आक्षेप नाही. खोल समुद्रातली मासेमारी किंवा वातावरणातलं कार्बन उत्सर्जन समजून घ्यायला तो आजही उपयोगी आहे. आक्षेप आहे तो गृहीतक न सांगता शिकवण्याला. या गोष्टीतले गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत, नियम करत नाहीत. असं कुरण 'सामायिक' नसतं, ते बेवारस असतं. खुद्द हार्डिन यांनीही पुढे १९९४ मध्ये 'व्यवस्थापन नसलेली' सामायिक संसाधनं अशी दुरुस्ती केली. ती आमच्या नोट्समध्ये नव्हती.

एलिनॉर ऑस्ट्रॉम मात्र होत्या, पण '२००९चं नोबेल' एवढ्या एका ओळीत. त्यांच्या १९९० च्या पुस्तकात स्वित्झर्लंडमधलं टॉर्बेल गाव आहे. हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जगवता येतील तेवढ्याच गाई कुरणावर सोडायच्या, हा तिथला नियम १५१७ सालचा! आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथले निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. अर्थात, 'गाव सांभाळतंच' असं नवीन पाठांतर नको. ऑस्ट्रॉम यांनी फसलेली उदाहरणंही दिली आहेत.

यात नुकसान फक्त मार्कांचं नाही. माझ्या पहिल्या प्रस्तावात गवताचं वजन होतं, जनावरांची संख्या होती. पण कोण चारू शकतं, कधी, आणि नियम मोडला तर काय होतं, हे विचारणारा एकही प्रश्न नव्हता. उत्तर आधीच माहीत आहे असं वाटत असल्यामुळे प्रश्नच सुचले नाहीत. तो भाग नंतर पूर्ण नव्याने लिहावा लागला.

म्हणून, संशोधनाची तयारी करत असाल तर पदवीच्या नोट्समधला एकच प्रसिद्ध सिद्धांत निवडा. मूळ लेख शोधा आणि तीन गोष्टी वहीत लिहा: लेखकाने काय मोजलं, काय गृहीत धरलं, आणि नंतर काय बदललं. मुलाखतीत कोणी विचारायच्या आधी हे स्वतःलाच विचारलेलं बरं.