रोहिणीचा तंटा आणि सीमाभागातील वाचक

आधुनिक जीवनात बौद्धधर्माची आवश्यकता उरली आहे काय, हा प्रश्न व्याख्यानमालांतून वारंवार विचारला जातो, आणि यंत्रयुगात मनःशांती कशी दुर्मिळ झाली आहे हे सांगून बहुधा त्याची बोळवण होते. प्रस्तुत लेखकास हे उत्तर अपुरे वाटते. याहून वजनदार उत्तर गृहत्यागाच्या कथेचा जो नवा अन्वय आपल्याकडील दोन विचारवंतांनी लावला, त्यात आहे.

वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ मध्यरात्री घराबाहेर पडला, ही कथा धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात स्वीकारली नाही. मूळच्या गोमंतकीय असलेल्या या पंडिताने पाली सुत्तांचीच साक्ष काढली. आईबाप रडत असता सिद्धार्थाने केस उतरविले, असे अरियपरियेसन सुत्त सांगते (मग मध्यरात्रीच्या पलायनास जागा कोठे उरते?). अत्तदण्ड सुत्तात तर शस्त्र उगारून परस्परांशी भांडणाऱ्या माणसांचे भय हेच वैराग्याचे मूळ म्हणून येते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात जो तंटा होता, तो कोसंबींनी या संदर्भात पुढे आणला.

डॉ. आंबेडकरांचा 'दि बुद्ध अँड हिज धम्म' त्यांच्या निधनानंतर, 1957 साली, प्रसिद्ध झाला. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर एकही म्हातारा वा रोगी पाहिला नसेल काय, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. त्यांच्या कथेत सिद्धार्थ शाक्यसंघाच्या सभेत युद्धास विरोध करतो, बहुमत विरुद्ध जाते आणि तो परिव्रज्या पत्करतो.

हे वाचून बेळगाव-निपाणीच्या वाचकाचे मन कोठे जाईल, हे सांगावयास नको. नागपूरची दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची; त्यानंतर अठराच दिवसांनी हा भाग म्हैसूर राज्यात गेला. तो तंटा पाण्याचा, आपला भाषेचा. शेजाऱ्यांचा मात्र दोन्ही. परंतु साम्य येथेच थांबविणे म्हणजे ग्रंथ अर्धाच वाचणे होय. आंबेडकरांच्या कथेत शाक्य-कोलियांचा समेट होतो! सिद्धार्थास ती वार्ता कळते, आणि तरीही तो परतत नाही. राष्ट्राराष्ट्रांतील कलह प्रासंगिक. वर्गावर्गांतील कलह नित्याचा, असे त्याच्या मनात येते. कोसंबींच्या मांडणीत हे वळण नाही. पुराव्याच्या दृष्टीने ते आंबेडकरांचे स्वतंत्र कल्पित म्हणावे लागेल, आणि आधार न देता ते आले आहे हा दोषही मान्य केला पाहिजे. तथापि ग्रंथाचे सारे बळ त्याच वळणात आहे. बौद्धधर्माच्या आवश्यकतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेथे, तंटा मिटल्यानंतर, उभा राहतो.

सीमाभागास त्याचा पडताळा परका नाही. एप्रिल 1925 मध्ये प्रांतिक बहिष्कृत परिषद आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली निपाणीस भरली, तेव्हा निपाणी मुंबई इलाख्यातच होती आणि सीमाप्रश्न जन्मासही आला नव्हता. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव कायदेमंडळात 1923 सालीच संमत झालेला होता. तरीही 1927 साली महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी जावे लागले.