टोमॅटोचा रंग व रुची : वाणनिवडीच्या कसोटीविषयी

कल्याणच्या बाजार समितीत उतरणारा टोमॅटो पुष्कळदा नारायणगावाकडून माळशेज घाटाने आलेला असतो. ठाणे-डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाच्या हाती तो न फुटता पडावा, म्हणून रंग धरू लागताच तोडला जातो. वाणही टणकपणा व एकसारखा रंग पाहून निवडले जातात. या कसोटीत रंगाला रुचीचा जामीन मानले आहे, आणि आक्षेप घ्यावयाचा तो येथेच.

कच्च्या फळाचा देठाजवळील गडद हिरवा भाग वाणनिर्मात्यांनी दोष समजून घालविला. २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकातील संशोधनाने दाखविले की, त्या निवडीत जीएलके२ हे जनुकच निकामी झाले होते. ते कार्यक्षम असता कच्च्या फळातील हरितलवकांची वाढ अधिक होते व पक्व फळात शर्करा आणि लायकोपीन दोन्ही वाढतात. म्हणजे रंगाच्या सारखेपणापायी रंगद्रव्यावरच पाणी सोडले गेले!

राहुरीच्या कृषि विद्यापीठाच्या 'भाग्यश्री' वाणात लायकोपीन विपुल आहे, हे स्वागतार्हच. तथापि त्याची शिफारस मुख्यतः प्रक्रियेसाठी आहे. लायकोपीनच्या विघटनातून काही सुगंधी द्रव्ये निर्माण होतात हे खरे, परंतु रुचीला शर्करा, आम्ले व इतर अनेक बाष्पशील द्रव्येही लागतात. 'एचपी' उत्परिवर्तनांनी रंगद्रव्य वाढते, पण रोपाचा जोम घटतो. तेव्हा रंगमापन व आस्वादपरीक्षा यांची नोंद स्वतंत्र हवी. आणि आस्वादपरीक्षा प्रक्षेत्रावरील ताज्या फळाची नव्हे, तर घाट उतरून बाजारात पिकलेल्या फळाची व्हावयास हवी.