काउबॉय कथनगीते : लोकप्रियतेची कारणमीमांसा

प्रस्तावना :
अमेरिकन लोकसाहित्यात काउबॉय कथनगीतांचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. ज्या जीवनातून ही गीते जन्मली, ते जीवन अत्यंत अल्पायुषी ठरले. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपल्यानंतर टेक्सासमधील गुरांचे कळप उत्तरेकडील रेल्वेस्थानकांपर्यंत हाकत नेण्याचा व्यवसाय भरभराटीस आला. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि खुली कुरणे कुंपणबंद होऊ लागली. लोहमार्गांचा विस्तार आणि १८८६-८७ चा भीषण हिवाळा यांनी या व्यवसायाचा अस्त घडवून आणला. म्हणजेच जेमतेम दोन दशकांच्या अनुभवावर आधारलेली गीते आज शतकाहून अधिक काळ गायिली जात आहेत. या टिकाऊपणाचे श्रेय सामान्यतः गतकाळाविषयीच्या ओढीला दिले जाते. हे स्पष्टीकरण कितपत पुरेसे आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संकलन आणि संस्करण :
जॅक थॉर्प यांचा ‘साँग्ज ऑफ द काउबॉईज’ हा छोटेखानी संग्रह १९०८ मध्ये, तर जॉन लोमॅक्स यांचा ‘काउबॉय साँग्ज अँड अदर फ्रंटियर बॅलड्स’ हा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. लोमॅक्स यांच्या ग्रंथास माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे पत्र जोडलेले होते. एकाच गीताची अनेक पाठांतरे एकत्र करून लोमॅक्स यांनी संमिश्र संहिता सिद्ध केल्या. त्यामुळे आज ‘मूळ’ म्हणून ओळखली जाणारी अनेक गीते प्रत्यक्षात संपादित आहेत. मराठीतही १८९१ मध्ये ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला होता. तथापि पोवाड्यात शाहीर बहुधा आपली नाममुद्रा ठेवतो आणि वीराचा गौरव करतो. काउबॉय गीतांचे कर्ते बहुतांशी अज्ञात असून त्यांतील नायक मजुरीवर राबणारा सामान्य माणूस आहे.

या दृष्टीने ‘द ओल्ड चिझम ट्रेल’ हे गीत लक्षणीय ठरते. लोमॅक्स यांच्या पाठात काम संपवून हिशेबासाठी मालकाकडे गेलेल्या काउबॉयला पगार मिळण्याऐवजी आपल्याच अंगावर नऊ डॉलरचे देणे निघाल्याचे कळते. येथे पराक्रम नाही. श्रमाची आणि फसवणुकीची खंत विनोदाच्या आवरणाखाली व्यक्त झाली आहे.

मृत्यूची किंमत :
‘द स्ट्रीट्स ऑफ लारेडो’ हे गीत ब्रिटिश बेटांतील ‘द अनफॉर्च्युनेट रेक’ या जुन्या गीताच्या कुळातील आहे. मूळ गीतातील तरुण गुप्तरोगाने मरतो. लारेडोत त्याचा काउबॉय होतो आणि तो बंदुकीच्या गोळीने मरतो. मात्र ढोल-बासरीसह निघणारी लष्करी धाटणीची अंत्ययात्रा तशीच कायम राहिली आहे. सैनिक नसलेल्या काउबॉयसाठी ती विसंगत आहे. पण हीच विसंगती गीताला उंची देते. ज्याच्या मृत्यूची कोणी दखल घेणार नाही, असा माणूस आपल्यासाठी सन्मानाचा निरोप मागतो, असा नवा अर्थ त्यातून निर्माण होतो.

मार्टी रॉबिन्स यांच्या १९५९ मधील ‘गनफायटर बॅलड्स अँड ट्रेल साँग्ज’ या संग्रहातील ‘एल पासो’ हे गीत याच परंपरेचा कळस मानता येईल. साडेचार मिनिटांहून अधिक लांबीचे आणि ध्रुवपद नसलेले हे गीत १९६० च्या प्रारंभी अमेरिकेत कंट्री आणि पॉप या दोन्ही सूचींत प्रथम क्रमांकावर पोहोचले. त्याचे सामर्थ्य कथनतंत्रात आहे. निवेदक आरंभी भूतकाळात बोलतो. प्रेयसीच्या ओढीने तो एल पासोला परततो, तेव्हा निवेदन वर्तमानकाळात शिरते. स्वतःच्या मृत्यूचे कथन निवेदकानेच करावे, ही अशक्य गोष्ट या काळबदलामुळे श्रोत्याला खटकत नाही. शिवाय मत्सरातून केलेल्या खुनाची किंमत नायक स्वतःच्या प्राणाने चुकवितो.

याच संग्रहातील ‘बिग आयर्न’ हे गीतही तितकेच परिचित असून २०१० च्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ या व्हिडिओ गेममुळे ते नव्या पिढीपर्यंत पोहोचले. कुप्रसिद्ध गुंडाला रेंजर ठार करतो, ही त्याची कथा. रचना चुस्त असली, तरी तेथे हिंसेची झळ विजेत्याला लागत नाही. म्हणून ते रंजन करते, अस्वस्थ करीत नाही.

बॉबी जेंट्री यांचे १९६७ मधील ‘ओड टू बिली जो’ हे काउबॉय गीत नाही. पण कथनप्रधान कंट्री परंपरेशी त्याचे नाते घनिष्ठ आहे. जेवणाच्या पानावर एका तरुणाच्या आत्महत्येची वार्ता येते आणि वाढणे-मागणे मात्र चालूच राहते. कारण न सांगता येथे दुःख प्रत्ययास येते.

मिथकाची मर्यादा :
या परंपरेचे एक वैगुण्य नोंदविणे आवश्यक आहे. काउबॉयची कला मुळात मेक्सिकन ‘वाकेरों’ची. काउबॉयमध्ये कृष्णवर्णीयांची संख्याही लक्षणीय होती. ‘होम ऑन द रेंज’ हे गीत लोमॅक्स यांना सॅन अँटोनिओतील एका कृष्णवर्णीय गायकाकडूनच मिळाले. तरीही चित्रपट आणि ध्वनिमुद्रिकांनी गोऱ्या, एकाकी वीराची प्रतिमा रूढ केली. आमेरिको पारेदेस यांचा सीमाभागातील कोरिदो-गीतांवरील १९५८ चा ग्रंथ आणि बियॉन्से यांचा २०२४ मधील ‘काउबॉय कार्टर’ हा संग्रह या विस्मरणास दिलेली वेगवेगळ्या काळांतील उत्तरे होत.

निष्कर्ष :
काउबॉय कथनगीतांचे आकर्षण केवळ गतकाळाच्या ओढीने स्पष्ट होत नाही. घोडा, बंदूक आणि माळरान ही त्यांची बाह्य सामग्री होय. केलेल्या कृतीची किंमत मोजणारा सामान्य माणूस आणि त्याचे संयत निवेदन हा त्यांचा गाभा आहे. जेथे हा गाभा शाबूत आहे, तेथे गीत परक्या भूमीतील श्रोत्यालाही आपलेसे वाटते. जेथे केवळ वीरप्रतिमा उरते, तेथे गीत लोकप्रिय होते, परंतु ते मनात रुजत नाही. म्हणूनच या गीतांचे मूल्यमापन मिथकाच्या झगमगाटावरून न करता त्यांतील मानवी अनुभवाच्या सच्चेपणावरून होणे उचित ठरेल.