‘इकिरु’ : निर्णय कोणाचा?

अकिरा कुरोसावा यांच्या ‘इकिरु’ (१९५२) या जपानी चित्रपटाचे विवेचन बहुधा एकाच सूत्रात उरकले जाते : नोकरशाहीच्या निर्जीव यंत्राविरुद्ध एका मरणोन्मुख माणसाने दिलेला लढा. हे सूत्र खोटे नाही. परंतु चित्रपटातील कचेरीत निर्णय प्रत्यक्षात कसा होतो, इकडे त्यामुळे दुर्लक्ष होते.

जपानी कचेऱ्यांत व उद्योगसंस्थांत रूढ असलेल्या ‘रिंगी’ पद्धतीत प्रस्तावाचा मसुदा खालच्या पायरीवर तयार होतो आणि संबंधित प्रत्येक अधिकाऱ्याचा शिक्का घेत वर चढतो. तत्पूर्वी प्रत्येकास खाजगीत भेटून त्याचे मन अनुकूल करून घ्यावयाचे, याला ‘नेमावाशी’ म्हणतात. झाड दुसरीकडे लावण्यापूर्वी त्याच्या मुळांभोवती खणून ठेवणे, हा या शब्दाचा मूळ अर्थ. बागवानाचा शब्द कचेरीत यावा, हे बोलके आहे.

चित्रपटात सांडपाण्याचे डबके बुजवून तेथे मुलांसाठी बाग करावी, अशी वस्तीतील स्त्रियांची मागणी असते. आरंभी त्यांना खात्याखात्यांतून फिरवून पुन्हा पहिल्याच ठिकाणी आणून सोडले जाते. पुढे नागरिक विभागाचा प्रमुख वातानाबे तोच फेरा स्वतः पत्करतो. तो कोणाही वरिष्ठाला बाजूस सारीत नाही. मान लववून मेजामेजापाशी उभा राहतो आणि संमती मिळेपर्यंत हलत नाही. उपमहापौरांनी नकार दिल्यावरही तो केवळ फेरविचाराची विनंती करतो. म्हणजे तो यंत्र मोडीत नाही, चालवितो. ताकाशी शिमुरा यांच्या खोल गेलेल्या आवाजात व वाकलेल्या पाठीत बंडाचा लवलेश नाही. केवळ उपहास शोधणाऱ्या समीक्षेच्या हातून हे मर्म निसटते.

या पद्धतीचे दुसरे अंग वातानाबेच्या मृत्यूनंतर त्याच्या घरी जमलेल्या बैठकीत उघडे पडते. बाग कोणी केली? उपमहापौर श्रेय घेतात, सहकारी वाद घालतात. त्यांचे म्हणणे निव्वळ असत्यही नव्हे, कारण बागेस संमती त्या सर्वांचीच होती. मारुयामा मासाओ यांनी युद्धकालीन राज्यकर्त्यांच्या वर्तनाची चिकित्सा करताना ‘बेजबाबदारीची व्यवस्था’ अशी संज्ञा योजिली. तेथे दोषाला धनी नव्हता. येथे सत्कृत्यालाही धनी उरत नाही, किंवा फार झाले तर नको तितके धनी उभे राहतात.

मद्याच्या भरात सहकाऱ्यांनी घेतलेल्या शपथांचा प्रसंग मात्र लांबला आहे, आणि त्यातील आवेश काहीसा भडक आहे. त्याची भरपाई पुढच्या दृश्यात होते. नवा विभागप्रमुख गाऱ्हाणे घेऊन आलेल्या नागरिकांना पुन्हा बांधकाम खात्याकडे धाडतो. एक कारकून ताडकन उठतो. कोणी त्याची बाजू घेत नाही, आणि तो खाली बसून कागदांच्या ढिगाआड दिसेनासा होतो.