शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकूया

जपानीत 'इयाशी' असा एक शब्द आहे. मनावर फुंकर, थकवा उतरवणारी गोष्ट, असा काहीसा त्याचा अर्थ. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आर्थिक फुगा फुटून बरीच वर्षं झाल्यावर, हा शब्द तिथे सगळीकडे दिसायला लागला: चहावर, गरम पाण्याच्या झऱ्यांवर, आणि अर्थातच गाण्यांवर. चाळिशी-पन्नाशीतल्या दमलेल्या माणसांसाठी शोवा काळातल्या, म्हणजे १९८९ पर्यंतच्या, जुन्या गाण्यांचे संच आजही निघतात.

आपल्याकडे असा शब्द नाही, पण गाणी नक्की आहेत. तुमच्या आईबाबांच्या फोनमधली 'मराठी भावगीते' नावाची प्लेलिस्ट उघडून बघा. अरुण दाते, सुधीर फडके, मध्येच आशाताई, आणि थोडं अलीकडचं म्हणून संदीप खरे-सलील कुलकर्णी. मी राहते त्या ओकव्हिलमध्ये ही गाणी प्रामुख्याने गाडीत ऐकली जातात. संध्याकाळी क्यूईडब्ल्यू हायवे तुंबलेला असतो, टोरांटोहून घरी पोचायला किती वेळ लागेल याचा नेम नसतो, आणि स्पीकरवर 'शुक्रतारा' लागलेलं असतं. मागच्या सीटवर बसून तुम्हीही हे ऐकलं असेल आणि मनात म्हणाला असाल, किती संथ आहे हे!

आज माझा मुद्दा त्या संथपणाबद्दल आहे. ही गाणी दिलासा देतात हे खरं. पण तो दिलासा गाण्यात जसाच्या तसा ठेवलेला नसतो. दमलेला श्रोता गाणं आपल्या मापाचं कापून घेतो आणि नको तो भाग बाजूला ठेवतो. गंमत म्हणजे अनेकदा सगळ्यात महत्त्वाचं त्याच भागात असतं.

आधी जपानचंच उदाहरण घेऊ. १९६१ साली क्यू साकामोतो यांनी गायलेलं 'उए ओ मुइते आरुको', म्हणजे 'वर बघत चालू या'. शब्द रोकुसुके एई यांचे, संगीत हाचिदाई नाकामुरा यांचं. अमेरिकेत ते 'सुकियाकी' या नावाने गेलं. सुकियाकी हा मांस-भाज्यांचा पदार्थ आहे, त्याचा गाण्याशी काडीचा संबंध नाही. तरी १९६३ च्या जूनमध्ये ते बिलबोर्डच्या यादीत तीन आठवडे पहिल्या नंबरवर होतं. ऐकताना वाटतं, साधं प्रेमभंगाचं गाणं आहे. माणूस शीळ घालत एकटा चाललाय, डोळ्यातलं पाणी सांडू नये म्हणून मान वर करून. पण त्याआधीच्या वर्षी जपान-अमेरिका सुरक्षा कराराविरुद्ध प्रचंड निदर्शनं झाली होती आणि करार तरीही झाला होता. एई त्या निदर्शनांत होते. गाण्यातलं दुःख त्या हरण्याचं आहे. जगाने चाल ठेवली, हरणं विसरलं. नावासकट!

आता आपल्या गाण्याकडे येऊ. 'संथ वाहते कृष्णामाई'. गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकरांचं संगीत, बाबूजींचा आवाज, याच नावाचा १९६७ चा चित्रपट. माझ्या मते मराठीतलं हे सगळ्यात मोठं दिलाशाचं गाणं. आणि त्याचा दिलासा फार विचित्र आहे. मुखडा सांगतो काय, तर काठावरच्या माणसांच्या सुखदुःखाशी या नदीला काही देणंघेणं नाही. म्हणजे तुझं दुःख तिला कळत नाही. यात बरं वाटण्यासारखं काय आहे?

माझं उत्तर असं. चाळिशीतला माणूस दिवसभर कुणाला ना कुणाला उत्तर देत असतो. बॉसला, मुलांच्या शाळेला, भारतातल्या आईच्या डॉक्टरला, बँकेला. प्रत्येकाला त्याच्याकडून काहीतरी हवं असतं. अशा वेळी जिला तुमच्याकडून काहीच नको, अशी एक मोठी गोष्ट समोरून वाहत जाते. ती तुमची विचारपूस करत नाही, म्हणून तुम्हाला 'मी ठीक आहे' असं म्हणावंही लागत नाही. ही सुटका आहे, आणि ती कमी मोलाची नाही.

याच्या शेजारी हिबारी मिसोरा यांचं 'कावा नो नागारे नो यो नी' ठेवून बघा, म्हणजे 'नदीच्या प्रवाहासारखं'. जानेवारी १९८९ मध्ये आलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये बावन्नाव्या वर्षी त्या गेल्या. शब्द लिहिणारे यासुशी अकिमोतो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये राहत होते, म्हणजे हे गाणं तसं परदेशातून घरी पाठवलेलं. पण तिथे नदी म्हणजे माणसाचं स्वतःचं आयुष्य आहे. मागे वळून बघायचं, वळणं मोजायची आणि वाहत राहायचं. कृष्णामाईत तसं नाही. तिथे तुम्ही नदी नाही, तुम्ही काठावर उभे आहात. जपानी गाणं आयुष्य कवेत घेतं, मराठी गाणं तुम्हाला तुमच्या जागी उभं ठेवतं.

आणि का उभं ठेवतं ते शेवटच्या कडव्यात कळतं, जे बहुतेकांच्या लक्षातच नसतं. तिथे गदिमा सरळ कान धरतात. एवढं पाणी वाहतंय आणि कुणी ते वळवून रानात नेत नाही. आळशी माणसाला नदी फळणार कशी? म्हणजे आपण ज्याला शांतवणारं गाणं म्हणतो त्याचा शेवट चक्क कामाला लावणारा आहे. गदिमांचं माडगुळं आटपाडी तालुक्यात, माणदेशात. कृष्णा ज्या जिल्ह्यातून भरून वाहते, त्याच आजच्या सांगली जिल्ह्याचा हा कोरडा, कायम पावसाची वाट बघणारा कोपरा. तिथल्या माणसाने वाहत्या पाण्याकडे नुसतं 'किती सुंदर' म्हणून बघितलं असेल, हे शक्य नाही. नदीला आपली पर्वा नाही, या वाक्याचा त्याच्यासाठी अर्थ होता: मग आपणच उठलं पाहिजे. आपण पहिला अर्धा भाग ठेवला, दुसरा गाळला.

मग भावगीत म्हणजे फसवणूक का? नाही. 'शुक्रतारा' पुन्हा एकदा, जरा कान देऊन ऐका. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. साठच्या दशकाच्या सुरुवातीचं गाणं, आणि ते करणारी सगळी मंडळी विशी-तिशीतली. हे म्हाताऱ्यांसाठी केलेलं गाणं नव्हतंच. श्रोते त्याच्यासोबत वयाने वाढत गेले, इतकंच. दाते मूळचे इंदूरचे, शिक्षणाने टेक्स्टाइल इंजिनियर. त्यांच्या आवाजात किंचित कंप आहे, आणि तो लपवायचा प्रयत्न नाही. यशवंत देव या पद्धतीला 'शब्दप्रधान गायकी' म्हणत, त्या नावाचं त्यांचं पुस्तकच आहे. शब्द आधी, गळ्याची करामत नंतर. दमलेल्या कानाला याचा सरळ फायदा होतो. गाणं समजायला कष्ट पडत नाहीत, कडवं संपलं की मुखडा परत येतो, आणि कुणीतरी तुमच्याशी नीट, सावकाश बोलतंय असं वाटतं. दिवसभर दुसऱ्या भाषेत काम केलेल्या माणसाला तर हे दुप्पट लागू पडतं.

माझी तक्रार वेगळी आहे. पाडगावकरांचं 'या जन्मावर' घ्या. देवांची चाल, दात्यांचा आवाज, आयुष्यावर प्रेम करायला सांगणारं गाणं. सुंदर आहे, वादच नाही. पण ते कुणालाही, कधीही म्हणता येतं, आणि तीच त्याची मर्यादा आहे. माणूस का दमला हे ते विचारत नाही. त्याच पाडगावकरांनी 'सलाम' लिहिली, जिला उपरोधाची धार आहे, आणि त्याच नावाच्या संग्रहासाठी त्यांना १९८० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या प्लेलिस्टमधले पाडगावकर हे अर्धेच पाडगावकर आहेत.

थकव्याचं नाव थेट घेणारं गाणं बऱ्याच उशिरा आलं: 'दमलेल्या बाबाची कहाणी'. संदीप खरे यांचे शब्द, सलील कुलकर्णी यांचं संगीत. बाबा ऑफिसमधून उशिरा येतो, मुलगी वाट बघून झोपलेली असते, आणि तो तिला आपली कहाणी सांगतो. या गाण्यावर रडलेले बाबा तुम्ही पाहिले असतील, कदाचित तुमचेच. मलाही ते आवडतं. पण दोन गोष्टी बघा. एक, तो कबुली देतो झोपलेल्या मुलीला. ती उत्तर देऊ शकत नाही. 'मग उद्या लवकर ये' असं म्हणू शकत नाही. मोठेपणी मी तुला आठवेन का, सासरी जाताना रडशील का, असे प्रश्न तो विचारतो, आणि तिचं पुढचं आयुष्यही आपल्या अपराधी भावनेने आखून टाकतो. दुसरं, त्याला उशीर कुणामुळे होतो याबद्दल गाणं गप्प आहे. ऑफिस म्हणजे जणू पाऊस, पडणारच. कबुलीतून हलकं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा तितक्याच उशिरा येतो. (आणि दमलेल्या आईची इतकी लोकप्रिय कहाणी मला अजून मंडळाच्या एकाही कार्यक्रमात ऐकू आलेली नाही.)

मग थकव्याचं कारण सांगणारं गाणं मराठीत आहे का? आहे, आणि ते तुमच्या-माझ्यासारख्या घर सोडून आलेल्यांचंच आहे. अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड, शाहीर अमर शेख यांच्या आवाजात गाजलेली. गरिबीपायी मुंबईला निघालेला माणूस मैनेला गावात सोडून येतो. आधी तिची आठवण, तिचं रूप, तिची समजूत. मग मुंबई दिसते, श्रीमंतांची आणि उपाशी बेकारांची, दोन्ही. आणि शेवटी मैनेचा विरह संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला जोडला जातो. बेळगाव, कारवार, डांग हे भाग मैनेसारखेच मागे राहिलेले. अण्णाभाऊ वाटेगावचे, म्हणजे त्याच सांगली जिल्ह्यातले, आणि जन्म १९२०, गदिमांच्या जेमतेम एक वर्षानंतरचा. एकाच जिल्ह्यातून दोन गाणी निघाली. एक आपल्या गाडीत आलं, दुसरं बहुतेक घरांत पोचलं नाही. पोचलं तरी विरहाच्या सुरुवातीपुरतंच.

याचं कारण आपल्याला माहीत आहे. भावगीत आकाशवाणीवरून मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आलं, आणि पुढे तोच वर्ग व्हिसा घेऊन इकडे आला. छक्कड मैदानात, मोर्च्यात, कामगारांसमोर उभी राहिली. बॅगेत काय भरायचं हे वर्गाने ठरवलं. पण आता ती बॅग तुमच्या हातात येते आहे. यातलं काय ठेवायचं हे तुम्ही पुन्हा ठरवू शकता.

आईबाबांची प्लेलिस्ट टाकून द्या असं मी म्हणत नाही. उलट. दमलेल्या माणसाला गाणं कापून घ्यायचा हक्क आहे. रात्री आठ वाजता, स्नोमध्ये, ड्राइव्ह करताना कुणी त्याला पाटबंधाऱ्यांवर भाषण देऊ नये. पण तुम्ही अजून तितके दमलेले नाही. तुमच्याकडे पूर्ण गाणं ऐकायची ताकद आहे. म्हणून एक छोटं काम. पुढच्या वेळी 'संथ वाहते' लागलं की शेवटच्या कडव्याआधी गाणं बदलू नका, बदलू देऊ नका. ते कडवं संपलं की बाबांना विचारा, याचा अर्थ काय. मग 'माझी मैना' लावा, अगदी बेळगाव-कारवार येईपर्यंत, आणि विचारा, तुम्ही गाव का सोडलं होतं? नोकरी, शिक्षण, पैसे, एवढ्यावर थांबू नका. कोण मागे राहिलं, तेही विचारा. फक्त प्रश्न विचारताना समोरचा जागा आहे ना, एवढं बघा.